व्याह्यांचा हत्ती

चिंतामणराव मोघे जे काही करीत ते आधी कागदावर करीत, हे साताऱ्याच्या मंगळवार पेठेत सर्वांना ठाऊक होते. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून ओव्हरसिअरची परीक्षा देऊन त्यांनी एकतीस वर्षे कालव्यांच्या खात्यात काढली होती. निवृत्त झाल्यावर कालवे सुटले, पण चौकटीचा कागद सुटला नाही. परसातल्या वाफ्यांना पाणी कोणत्या उताराने जावे याचासुद्धा त्यांनी नकाशा काढून भिंतीला लावला होता. त्यांच्या पत्नी गोदावरीबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "आमच्याकडं अळूसुद्धा मंजुरी घेऊन उगवतं."

बुद्धिबळ हा त्यांचा एकमेव शौक, आणि तोही असाच शिस्तीत. खेळलेला प्रत्येक डाव ते एका जाड वहीत खेळीमागून खेळी उतरवून ठेवीत. त्या वहीतल्या एका भागाला त्यांनी वेगळी खूण लावली होती. तो भाग व्याह्यांचा.

व्याही म्हणजे सांगलीचे गंगाधरपंत टिकेकर, गणिताचे निवृत्त मास्तर. चार वर्षांपूर्वी चिंतामणरावांच्या हरीला त्यांची चारुशीला दिली, तेव्हा लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी जानवसघरात पट मांडला गेला आणि चिंतामणरावांनी तो डाव जिंकला. पुढे दिवाळीला, संक्रांतीला, कधी सहज येण्याजाण्यात मिळून सतरा डाव झाले. सतराच्या सतरा चिंतामणरावांनी जिंकले. सांगलीसारख्या गावात, जिथे कट्ट्याकट्ट्यावर बुद्धिबळ चाले, तिथे टिकेकर मास्तरांना हरवणारा माणूस शोधून सापडत नसे. असे असताना आपण त्यांना सतरा वेळा हरवले, हे चिंतामणराव कुणाला मुद्दाम सांगत नसत. मात्र कुणी विचारले, तर वही हाताशी असे.

१९४६ सालच्या दसऱ्यानंतर सुभेदार हंबीरराव घरी आले. फौजेतून पेन्शन घेऊन आलेल्या या गृहस्थांनी राजवाड्याजवळ एका खोलीत बुद्धिबळाचे मंडळ काढले होते, आणि ते मंडळही ते पलटणीसारखेच चालवीत.

"मोघेसाहेब, सांगलीकरांचं पत्र आलंय," ते बाकावर बसत म्हणाले. "डिसेंबरात सामना. चार पट. त्यांचे चार गडी, आपले चार. पन एक भानगड हाय. देशी न्हाई, विलायती नियमानं खेळायचं म्हणत्यात."

"मग तुमचा तो तरुण शिक्षक आहे ना, नाथाजी? तो विलायती खेळतो. त्याला बसवा पहिल्या पटावर. माझं वय बासष्ट. चाळीस वर्षं मी देशी डाव खेळलो."

"आवं, नियमाचं काय घिऊन बसलाय? त्यांच्या पयल्या पटावर टिकेकर मास्तर बसणार हायेत. त्यास्नी तुमच्याबिगर कुनी पाडलंय का? सतरा येळा! पयला पट तुमचाच. मी तसं कळवून बी टाकलंय."

चिंतामणरावांनी आढेवेढे घेतले, पण सुभेदारांना फाटकापर्यंत पोहोचवून परतताना त्यांची चाल जरा ताठ झाली होती.

दुसऱ्या दिवसापासून अभ्यास सुरू झाला. हंबीररावांनी आणून दिलेल्या एका इंग्रजी पुस्तकातून त्यांनी दोन्ही पद्धतींतले फरक एका तक्त्यात मांडले. देशी डावात प्यादे एकेकच घर सरकते. विलायतीत पहिल्या खेळीला दोन घरे जाऊ शकते. देशीत राजाला शह मिळण्यापूर्वी एकदा घोड्यासारखी उडी घेता येते. विलायतीत त्याऐवजी राजा आणि हत्ती मिळून किल्लेकोट करतात. देशीत प्यादे शेवटच्या घरात पोचले की त्या घराचे मोहरे होते. विलायतीत हवे ते मागून घ्यावे. तक्ता सुरेख झाला. परंतु तक्त्याशी खेळता येत नाही.

"समोर कुणीतरी हवं," ते जेवताना म्हणाले.

"घरात आहे की," गोदावरीबाई ताक वाढीत म्हणाल्या. "सूनबाई काय माहेराहून नुसत्या पोळ्या लाटायला शिकून आली आहे? तिच्या बाबांनी आठ वर्षांची असल्यापासून पटावर बसवलं तिला. विलायती का काय ते, तेही येतं."

आतून भांड्यांचा आवाज क्षणभर थांबला.

हरी पुण्यात तारखात्यात होता. तिथे बिऱ्हाडाला जागा मिळेपर्यंत चारुशीला साताऱ्यात सासूसासऱ्यांजवळ राहत होती. सुनेने सासऱ्यासमोर बसावे असा त्या घरात रिवाज नव्हता. म्हणून माजघरात पट मांडला गेला तेव्हा ती डोक्यावरचा पदर सावरून, भिंतीकडे अर्धी वळून, पाटाच्या कडेवर टेकली. शह देण्याची वेळ आली तर इतक्या हळू म्हणे की तो चुलीतल्या लाकडाचा आवाज वाटावा.

पहिला डाव चिंतामणरावांनी एकेचाळीस खेळ्यांत जिंकला. दुसरा एकोणचाळीस. तिसरा सदतीस. सात डाव झाले, सातही त्यांनी जिंकले. त्यांनी चौकटीच्या कागदावर आलेख काढला: आडव्या रेघेवर डाव, उभ्या रेघेवर जिंकायला लागलेल्या खेळ्या. सात ठिपके पट्टी लावल्यासारखे एका रेषेत उतरत गेले.

त्या कागदाकडे ते कौतुकाने पाहत होते. मग कौतुक कमी झाले आणि नुसते पाहणे उरले.

कालव्याच्या कामावर उताराची मापे घेणाऱ्यांच्या नोंदवह्या तपासण्यात त्यांची निम्मी नोकरी गेली होती. उन्हात, बाभळीच्या काट्यांतून दुर्बीण हलवीत घेतलेली मापे कधीही सरळ येत नाहीत. एखादे वर जाते, एखादे खाली. ज्याची मापे झोकात एका रेषेत येत, त्याने ती झाडाखाली बसून भरलेली आहेत हे चिंतामणराव पान उलटताच ओळखीत. चार माणसांना त्यांनी त्यावरून घरी पाठवले होते.

आणि इथे बासष्टाव्या वर्षी नवी पद्धत शिकणाऱ्या माणसाची प्रगती पट्टीने आखल्यासारखी सरळ होती.

त्यांनी वही उघडून सातही डाव पुन्हा पटावर मांडले. विसाव्या खेळीपर्यंत सून व्यवस्थित खेळत होती. व्यवस्थित कसली, दोन ठिकाणी तर त्यांच्यापेक्षा बरी. अठरा ते बावीस या खेळ्यांच्या दरम्यान मात्र प्रत्येक डावात तिचा एक हत्ती पुढे येई आणि जिथे थांबायला हवा त्याच्या एक घर अलीकडे थांबे. तिथे त्याला कोणत्याही मोहऱ्याचा जोर नसे. दोन-तीन खेळ्यांत तो मारला जाई. वरवर पाहणाऱ्याला वाटावे, बिचारीची नजर चुकली.

चिंतामणरावांनी चष्मा पुसला. मग खूण लावलेला भाग काढला आणि व्याह्यांचा पहिला डाव मांडला, जानवसघरातला. एकोणिसावी खेळी. गंगाधरपंतांचा हत्ती पुढे आला आणि एक घर अलीकडे थांबला.

दुसऱ्या डावात तसेच. पाचव्यातही. अकराव्यात हत्तीऐवजी उंट होता, पण थांबण्याची तऱ्हा तीच. सतरावा डाव त्यांनी मांडलाच नाही.

दुपारी चारुशीला चहा घेऊन आली. साखर रेशनची, म्हणून चहा गुळाचा. पेला ठेवून ती वळणार तोच ते म्हणाले, "सूनबाई, जरा थांबा. हा हत्ती इथं का ठेवलात?"

तिने पटाकडे एकदाच पाहिले. "चुकलं, मामंजी."

"आणि ह्या डावात?"

"तिथंही चुकलंच."

"सात डावांत सात वेळा एकच चूक. चुकण्यात इतका नेमकेपणा मी सरकारी खात्यातसुद्धा पाहिला नाही."

गोदावरीबाई उंबऱ्याशी येऊन उभ्या राहिल्या. "मग काय करायचं होतं तिनं? सासऱ्याला मात द्यायची? वरून तुम्ही रुसून बसला असता, तर जेवायचा आग्रह मला करावा लागला असता."

"मी रुसत नाही."

"होय तर! जकातनाक्याच्या नानांनी वजीर मारला होता तेव्हा दोन दिवस बोलला नाहीत. मी काय विसरले?"

चारुशीलाच्या चेहऱ्यावर हसू आले, ते तिने पदराआड नेले. मग खाली बघत म्हणाली, "बाबांनी निघताना सांगितलं होतं. सासरी पट मांडायची वेळ आलीच, तर हरायचं. पण मुद्दाम हरलो असं दिसेल असं हरायचं नाही. आपण मुलीकडचे."

"आणि ते स्वतः?"

रिकामा नसलेला पेला उचलून ती आत गेली, आणि अर्ध्या वाटेवरून परत येऊन तो पुन्हा ठेवून गेली. चिंतामणरावांना उत्तर मिळाले.

संध्याकाळी ते मंडळाच्या खोलीवर गेले. सुभेदार नाथाजीबरोबर डाव खेळत होते. चिंतामणरावांनी त्यांना बाजूला घेऊन सगळे सांगितले आणि म्हणाले, "ते सतरा डाव खरे नाहीत. व्याही म्हणून दिलेले आहेत. पहिल्या पटावर माझा हक्क नाही. नाथाजीला बसवा."

हंबीररावांनी मिशीवरून बोट फिरवले. विचार करून त्यांचा चेहरा हळूहळू उजळला.

"मोघेसाहेब, हे तर लय झ्याक झालं की!"

"काय झ्याक झालं?"

"आवं, तुमी अजून व्याहीच हाय न्हवं? का सोयरीक मोडली? मग मास्तर ह्या खेपेलाबी हरतील. पयल्या पटाचा गुन आपल्या खिशात. नाथाजीला दुसऱ्या पटावर घालतो, तो त्यांच्या दुसऱ्या गड्याला खातोय. अडीच-दीडनं सामना मारला समजा!"

"सुभेदार, ही लबाडी आहे."

"आपुन कुठं काय केलं? त्यांचा रिवाज, ते पाळत्यात. तुमी फकस्त हत्ती मारायचा. आता नाव बदलून कळवाय यायचं न्हाई, सांगलीकर म्हनतील सातारकर भ्याले."

चिंतामणराव परतीच्या वाटेवर फार सावकाश चालले. गंगाधरपंतांना पत्र लिहावे, असे त्यांच्या मनात आले. 'पटावर व्याही समजू नये, खरे खेळावे.' पण असले पत्र गंगाधरपंत कसे वाचतील हे त्यांना दिसत होते: मुलाच्या वडिलांचा मोठेपणा, असे म्हणून ते पत्र देवापुढे ठेवतील आणि हत्ती एक घर अलीकडे थांबवतील. आपण हत्ती मारला काय आणि न मारला काय, आपल्याला खरोखर किती येते हे आपल्याला कधीच कळणार नाही. चाळीस वर्षांचा खेळ, वहीची तीनशे पाने, आणि आपले खरे माप एकदाही घेतलेले नाही. त्या माणसाबरोबर एक, फक्त एक खरा डाव व्हायला हवा. मात्र खरा डाव मागायचा असेल तर आधी तो खेळण्याइतके यायला हवे.

सकाळी त्यांनी सुनेला सांगितले, "आजपासून तुम्ही मला शिकवायचं. हत्ती थांबवायचा नाही."

ती पाटावर बसली, खेळली, आणि एकविसाव्या खेळीला हत्ती थांबवला. दोघेही पटाकडे बघत राहिले.

"मामंजी, मी ठरवून नाही केलं," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "तुम्ही समोर बसलात की हात आपोआप तिकडं जातो."

"मग समोर बसू नकोस!" गोदावरीबाई स्वयंपाकघरातून कडाडल्या. "इथं ये, भाकऱ्या थाप, आणि इथूनच सांग काय ते. त्यांचं तोंड बघायला नको नि पटही नको. नाहीतरी तुझ्या डोक्यात सगळं असतंच."

हा उपाय कोणत्याही पुस्तकात नव्हता. माजघरात चिंतामणराव पटासमोर, मध्ये दार, दाराआड चुलीपाशी चारुशीला. ते आपली खेळी मोठ्याने सांगत, आणि तव्यावर भाकरी टाकता टाकता ती उत्तर देई. "माझ्या राजाकडच्या घोड्याला उंटाच्या तिसऱ्या घरात न्या, मामंजी." पट तिला दिसत नव्हता. दिसण्याची गरजही नव्हती.

पहिला डाव तिने तेवीस खेळ्यांत संपवला. दुसरा एकोणीस. तिसऱ्यात चिंतामणरावांचा वजीर बाराव्या खेळीला गेला, आणि आतून सासूबाईंचा आवाज आला, "गेला ना? मला वाटलंच. भाकरी वाढू का?"

दारातून सासऱ्याला सांगताना तिचा संकोच गळून पडला. जे समोर कधी बोलली नसती ते भिंत मध्ये आहे म्हणून ती बोलू लागली. "मामंजी, तुमचा राजा अजून देशी घरात राहतो." त्यांना समजेना. "देशीत शह मिळेपर्यंत राजाची उडी हाताशी असते, म्हणून तुम्ही वाट बघत बसता. इथं वाट बघायची नाही. मध्ये रस्ता मोकळा झाला की तो उघड्यावर पडतो. दहा खेळ्यांच्या आत किल्लेकोट करायचा." त्यांनी ते लाल शाईने लिहून घेतले, आणि पुढच्या चार डावांत तरीही विसरले. चाळीस वर्षांची सवय लाल शाईला दाद देत नव्हती.

आणखी एक खोड तिने काढली. प्रत्येक प्याद्याला, प्रत्येक मोहऱ्याला मागून कुणाचा तरी जोर असल्याशिवाय चिंतामणरावांना चैन पडत नसे. "तुम्ही बांध घालता, मामंजी," ती म्हणाली. "सगळीकडं बांध. मग पाणी कुठून जाणार?" हे मात्र त्यांना एका क्षणात पटले. त्या दिवशी त्यांनी प्रथमच एक प्यादे मरू दिले, त्या बदल्यात उंटाला वाट मिळवली, आणि डाव चाळीस खेळ्या टिकला. हरले, पण जेवताना दोनदा भात मागितला.

नवा आलेख भयंकर दिसत होता. ठिपके वरखाली, कुठे एकदम कोसळलेले, कुठे उगाच चढलेले. ते त्याच्याकडे बघून समाधानाने म्हणाले, "हं. हे उन्हातलं माप आहे." सव्विसावा डाव बरोबरीत सुटला. एकतिसावा त्यांनी जिंकला, तेव्हा आत तवा आपटला. मग चारुशीला म्हणाली, "हा मी दिलेला नाही हं, मामंजी." तिच्या आवाजातली चीड ऐकून त्यांची खात्री पटली. डिसेंबर उजाडला तेव्हा पंचेचाळीस डाव झाले होते. त्यांतले तीन त्यांचे, पाच बरोबरीचे, उरलेले दाराआडचे.

सामन्याच्या दिवशी चौघे खेळणारे आणि सुभेदार पहाटेच्या सर्व्हिस मोटारीने निघाले. कऱ्हाड गेले, इस्लामपूरला मोटार थांबली तेव्हा सुभेदारांनी सर्वांना चहा पाजला आणि चिंतामणरावांच्या कानाशी येऊन म्हणाले, "हत्तीचं ध्यानात हाय न्हवं?"

"आहे," चिंतामणराव म्हणाले.

सांगलीत एका वाचनालयाच्या दालनात चार पट मांडले होते. गंगाधरपंत दारातच उभे होते. त्यांनी व्याह्यांच्या हातातली छत्री घेतली, पायांना पाणी दिले, विहीणबाईंची खुशाली विचारली, लेकीची मात्र सगळ्यात शेवटी आणि ओझरती. पहिल्या पटापाशी सातारकरांच्या बाजूला गादी टाकून लोड ठेवलेला होता. स्वतःसाठी नुसती चटई.

डाव सुरू झाला. गंगाधरपंत नेहमीसारखे भरभर, हसतमुख खेळत होते. मध्येच सुपारी पुढे करीत, हवापाण्याचे बोलत. चिंतामणरावांनी आठव्या खेळीला किल्लेकोट केला, तेव्हा त्यांच्या भुवया किंचित वर गेल्या. पंधराव्या खेळीला चिंतामणरावांनी एक प्यादे जोर नसताना पुढे टाकले, तेव्हा सुपारीची डबी उघडताउघडता राहिली. पण विसावी खेळी आली, आणि गंगाधरपंतांनी हत्ती उचलला, पुढे आणला, आणि जिथे थांबायला हवा त्याच्या एक घर अलीकडे अलगद ठेवला. हात काढला. विलायती नियमाप्रमाणे आता तो परत घेता येणार नव्हता.

मागे उभ्या असलेल्या हंबीररावांनी समाधानाने श्वास सोडला.

चिंतामणराव हत्तीकडे पाहत राहिले. त्यांचा उंट थेट त्याच्यावर रोखलेला होता. हात पुढे करायचा अवकाश. त्यांनी हात पुढे केला, आणि दुसऱ्या टोकाचे घोड्यापुढचे प्यादे एक घर सरकवले.

"आँ?" सुभेदारांच्या तोंडून निघाले.

गंगाधरपंतांनी पटाकडे पाहिले, मग व्याह्यांकडे. आवाज खाली आणून म्हणाले, "व्याहीबुवा, हत्ती..."

"दिसतोय."

"मग? काही चुकलं का आमच्याकडून?"

"सतरा वेळा चुकलं. आता पुरे." चिंतामणराव तितक्याच हळू म्हणाले. "मी दोन महिने तुमच्या लेकीकडून शिकतोय. पंचेचाळीस डावांत तिनं मला सदतीस वेळा मात दिली."

गंगाधरपंतांचा चेहरा पांढरा झाला. "चारूनं? तुम्हाला? समोर बसून?"

"दाराआडून. भाकऱ्या करता करता. पट न बघता."

क्षणभर त्या माणसाला काय वाटत होते ते त्यालाच उमगत नसावे. कान लाल झाले. ओठ क्षमा मागायला उघडले आणि मध्येच त्यांच्यावर हसू फुटले. "पट न बघता," ते पुटपुटले. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढून बाजूला ठेवली. सांगलीकर मंडळींपैकी एकजण दुसऱ्याला कोपराने ढोसून म्हणाला, "मास्तरांनी टोपी काढली रे! आता खरं खेळणार."

आपल्या खेळीला गंगाधरपंतांनी हत्ती मागे नेला.

त्यानंतर हवापाण्याची गोष्ट निघाली नाही. चहा आला, त्यावर साय धरली, तो तसाच परत गेला. सव्विसाव्या खेळीला चिंतामणरावांनी घोडा मागे नेला. ती चाल दिसायला भित्री, पण दोन्ही बाजूंनी वाट मोकळी करणारी होती. तिच्यावर गंगाधरपंत वीस मिनिटे बसले. हनुवटीखाली मूठ, पापणीसुद्धा लवत नव्हती. चिंतामणरावांनी चार वर्षांत हा चेहरा पाहिला नव्हता. सतरा डावांत हा माणूस आपल्यासमोर एकदाही विचार करीत बसला नव्हता, हे त्यांच्या आता ध्यानात आले.

एकेक करून बाकीचे पट उठले. नाथाजी जिंकला, एक सातारकर हरला, एक डाव बरोबरीत गेला. दीड-दीड. सगळा सामना पहिल्या पटावर येऊन ठेपला आणि माणसांचे कडे दाटले. त्रेचाळिसाव्या खेळीला चिंतामणरावांनी उंटाने एक प्यादे मारले. मारताच त्यांना बोटांत कळले की घाई झाली. गंगाधरपंतांनी घोडा फिरवून तो उंट कोपऱ्यात कोंडला. पुढे पंधरा खेळ्या चिंतामणरावांनी प्रत्येक घर अडवीत लढवल्या. अठ्ठावन्नाव्या खेळीला त्यांनी राजा आडवा केला आणि मान लववून म्हणाले, "तुमचा डाव, मास्तर." व्याहीबुवा म्हणाले नाहीत.

सांगलीकरांनी टाळ्या वाजवल्या. हंबीरराव मात्र फणफणत पुढे आले.

"मोघेसाहेब, फुकटचा हत्ती! हातात दिल्याला हत्ती! पयल्या पटाचा गुन, सामना, समदं घालवलंत. आता साताऱ्यात काय सांगू मी?"

"सांगा, पहिल्या पटावर खरा डाव झाला आणि मोघे हरले."

"खरा डाव घिऊन चाटायचाय का?" सुभेदार ओरडले, आणि कोणी ऐकत नाही असे पाहून आणखी ओरडायचे राहून गेले. दोघे व्याही त्यांच्याकडे बघतच नव्हते.

गंगाधरपंत चटईवरून उठून गादीवर, चिंतामणरावांच्या बाजूला येऊन बसले होते. पटावरची उरलीसुरली मोहरी त्यांनी बाजूला केली आणि भराभर नवी मांडणी सुरू केली. "सव्विसावी खेळी. हा तुमचा घोडा. ही तुम्हाला कुणी सांगितली?"

"कुणी नाही. माझी मलाच सुचली."

"मला वाटलंच. चारू इथं घोडा पुढं टाकते, तिला दम निघत नाही. तुम्ही मागं घेतलात तेव्हा मला सगळा डाव मनात नव्यानं मांडावा लागला. खोटं नाही सांगत. पुढच्या दहा खेळ्या मी हरणार असं धरून चाललो होतो."

"मग कुठं सुटलात?"

"त्या प्याद्याला तुम्ही हात घातलात तिथं."

"ते बोटांत कळलं मला. जुनी खोड. दिसलं की घ्यायचं."

"हत्ती नाही घेतलात," गंगाधरपंत म्हणाले, आणि लगेच, त्या बोलण्याला फार वजन येऊ नये म्हणून, त्रेचाळिसाव्या खेळीची मोहरी लावू लागले. चिंतामणरावांनी खिशातून पेन्सिल काढली. त्यांनी एक चाल सुचवली. गंगाधरपंतांनी ती मोडून दाखवली. त्यांनी दुसरी सुचवली. ती मोडायला गंगाधरपंतांना वेळ लागला आणि दोघे वाद घालू लागले. आवाज चढले. "असं कसं, मास्तर?" "असंच, ओव्हरसिअर!"

मोटारीची वेळ होत आली, म्हणून हंबीरराव बोलावायला आले आणि लोडामागे उभे राहिले. कमरेवर हात, कपाळाला आठी. एक खेळी पाहिली, दुसरी पाहिली. मग राग पुरता उतरलेला नसतानाच गादीवर एक गुडघा टेकून त्यांनी दोघांच्या मधून बोट पटावर नेले.

"आवं, पन प्यादं न खाता उंट हितं मागं आनला असता, तर?"

दोघांनी एकदम पटाकडे पाहिले.

"थांबा," गंगाधरपंत म्हणाले. "थांबा, थांबा. सुभेदार, तुम्ही पाचही जण आज मुक्काम करा बरं. उद्याच्या मोटारीनं जा."